डिशमध्ये शेजारी नसतात

आमच्या संस्थेच्या तळघरात द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्या ओळीने उभ्या असत आणि त्यांतील तिसऱ्या टाकीची पातळी मी इतरांपेक्षा चार बोटे वर ठेवीत असे. त्याला तांत्रिक कारण काहीही नव्हते. शीतकरणाचा अभ्यासक्रम मी ल्युब्ल्यानाच्या तंत्रशाळेत पूर्ण केला होता, आणि गरजेपेक्षा अधिक थंडी हा निव्वळ अपव्यय असतो, हे आम्हाला तेथे पहिल्याच वर्षी शिकवले होते. तरीही मी ती पातळी वर ठेवीत असे, कारण तिसऱ्या टाकीत आलेंका होती.

प्रयोगशाळेत सर्वजण असेच म्हणत. कुपीवर नाव नव्हते, फक्त खूण होती, पण नवा माणूस रुजू झाला की त्याला सांगितले जाई, "तिसरीत आलेंका आहे. झाकण हळू लावायचं."

आलेंका ही डॉ. ब्रेडा क्रागेल यांची मुलगी. ती सहाव्या वर्षी गेली. तिच्या मानेतील गाठी सुजत गेल्या, प्लीहा वाढली, एकामागून एक संसर्ग झाले, आणि डॉक्टरांना कारण सापडण्यापूर्वीच सारे संपले. अखेरच्या दिवसांत ब्रेडाबाईंनी तिच्या रक्तातील पांढऱ्या पेशी स्वतःच्या हातांनी वेगळ्या करून गोठवल्या होत्या. पुढे जनुकांच्या तपासण्यांमध्ये एकेक कुपी खर्ची पडली आणि एकच उरली. दरवर्षी मृतांच्या दिवशी, गावच्या दफनभूमीत मेणबत्ती लावायला निघण्यापूर्वी, ब्रेडाबाई तळघरात येत आणि दारातूनच विचारीत, "मिस्त्री, भरलीय ना?"

"भरलीय," मी म्हणे. मग त्या गाडी पकडायला जात.

त्यांचा विषय विकरे, म्हणजे एन्झाइम. प्रथिने कापणाऱ्या विकरांना आमच्याकडे सरसकट 'कात्र्या' म्हणत. तरुणपणी ब्रेडाबाई ज्या कात्र्यांवर काम करीत, त्या पेशीने गिळलेल्या कचऱ्याची विल्हेवाट लावतात. मुलगी गेल्यावर त्यांनी तो विषय सोडला आणि पेशी ज्यांच्या साहाय्याने स्वतःचा शेवट करते त्या कात्र्या हाती घेतल्या. मला त्यातले फारसे कळत नसे, म्हणून एकदा त्यांनी ते त्यांच्या डोंगराळ मुलखाच्या, तोल्मिनच्या, भाषेत समजावले होते.

"आमच्याकडे उन्हाळाभर गुरं घेऊन वरच्या कुरणावर राहतात, चीज करतात, ठाऊक आहे ना? शरदात खाली उतरायच्या आधी खोपटं बंद करावं लागतं. चूल विझवायची, तांब्याची कढई पालथी घालायची, दारं काढून आत ठेवायची, कुंपणाच्या काठ्या सोडून जुडी बांधायची. हे केलं नाही तर बर्फ पडतं आणि सगळं फोडून टाकतं, शेजारच्या खोपटासकट. पेशीचंही तसंच. जायची वेळ झाली की या कात्र्या आतलं सगळं सोडवतात, जुड्या बांधतात, आणि शेजारी येऊन त्या उचलून नेतात. मागे काही राहत नाही."

"आणि कात्री चालली नाही तर?"

"मग कोणी कुरणावरून उतरतच नाही. गर्दी होते. गाठी सुजतात."

आलेंकाच्या अशाच एका कात्रीच्या जनुकात एका ठिकाणी बदल सापडला होता, आणि तो दोन्ही प्रतींत होता. एक प्रत आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोघेही एकाच दरीतले. वडील पुढे काही वर्षांनी वारले. काचेच्या नळीत ती बदललेली कात्री किंचित सावकाश चाले. परंतु तो सावकाशपणा जीव घेण्याइतका होता की निरुपद्रवी, हे नळी सांगू शकत नव्हती. दोन्ही प्रती बदललेली जिवंत पेशीच ते सांगू शकली असती, आणि तशा पेशी जगात त्या एका कुपीत होत्या. ब्रेडाबाईंनी त्या कात्रीवर वीस वर्षे काढली, दोन पदव्युत्तर पिढ्या घडवल्या, व्याख्याने दिली, आणि कुपीला हात लावला नाही. आपल्या मुलीला कोणी मारले हे त्यांना मनोमन ठाऊक होते. पुरावा मागण्याची त्यांना गरज वाटत नव्हती.

ती गरज त्यांच्या मुलाला पडली.

येर्नेय हा आलेंकाचा धाकटा भाऊ, येसेनित्सेला रेल्वेत सिग्नल सांभाळतो. त्याने लग्न केले तेही त्याच दरीतल्या शाळामास्तरीण पोलोनाशी. त्या शरदात ती दोघे संस्थेत आली, तेव्हा मी स्वयंपाकखोलीतील फ्रिजची मोटर उघडून बसलो होतो. दहाच्या न्याहारीची वेळ होती. श्पेला शेगडीवर कॉफी उकळीत होती. श्पेला पेशींच्या खोलीची प्रमुख, माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि जिभेने माझ्याहून पुष्कळ मोठी.

"मिस्त्री, फ्रिज दुरुस्त करताय की त्याला कबुलीजबाब द्यायला लावताय? सकाळपासून नुसतं कान लावून बसलात."

मी उत्तर देण्यापूर्वी ती दोघे आत आली आणि पाठोपाठ ब्रेडाबाई. श्पेला भांडे उतरवून निघू लागली, तर पोलोनाच म्हणाली, "राहा ना. काम तुमच्याकडेच आहे."

पोलोनाला दिवस गेले होते. गर्भाची तपासणी झाली होती. बदल दोन्ही प्रतींत होता.

"डॉक्टर म्हणतात, हा बदल आम्ही कुठेच पाहिलेला नाही," येर्नेय म्हणाला. "म्हणतात, तुमच्या आईलाच विचारा. जगात तेवढीच एक जण आहे."

"मी काय सांगणार? मी वीस वर्षं तेच सांगतेय."

"तू अंदाज सांगतेयस, आई."

ब्रेडाबाईंनी कप खाली ठेवला. "ती शेवटची कुपी आहे, येर्नेय."

"ठाऊक आहे. लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्या घरात दोन थंड जागा होत्या, एक फ्रिज आणि एक ती टाकी, आणि तुझं लक्ष कायम दुसरीकडे."

"येर्नेय," पोलोना म्हणाली.

"बोलू दे मला. मी तापानं फणफणलो की तू इकडे येऊन विचारायचीस, टाकी भरलीय ना. माझी कधी केली नाहीस एवढी काळजी. मी मागितलीही नाही. आज मागतोय."

कॉफीचा गाळ खाली बसत होता. मग पोलोनाने खुर्ची पुढे ओढली आणि सासूच्या समोर बसली.

"आई, मला तुमचं संशोधन नको. मला हो किंवा नाही द्या. कात्री चालत नसेल, तर मी या बाळाला त्या सगळ्यातून नेणार नाही. आलेंकाचं तुम्ही जे सांगितलंत, ते मी विसरलेले नाही. आणि चालत असेल, तर मला ते आत्ता कळू दे. बाळ पोटात हलायला लागायच्या आधी."

ब्रेडाबाई खिडकीबाहेरच्या धुक्याकडे वळल्या. "काम श्पेला करेल," त्या म्हणाल्या. "मी हात लावणार नाही. माझा हात आणि माझं मत, दोन्ही लांब ठेवा."

एक अपवाद मात्र त्यांनी मागितला. गोठवलेली कुपी अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात वितळवायची असते. ब्रेडाबाई म्हणाल्या, पाणी नको. मी हातमोजे घालून, चिमट्याने कुपी वर काढली. वाफेचा लोट सांडला. बाहेर थोडी नरमल्यावर त्यांनी ती उघड्या मुठीत घेतली आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. आतला बर्फ तांदळाच्या दाण्याएवढा उरल्यावर श्पेलाने हात पुढे केला. मूठ उघडायला थोडा वेळ लागला.

दुपारी श्पेला सूक्ष्मदर्शकावरून मान वर काढून म्हणाली, "हे काय आहे? वीस वर्षं थंडीत पडलेल्या पेशी, निम्म्या तरी मरायला हव्या होत्या. या सगळ्या उठून बसल्यात. मिस्त्री, तुमच्या टाकीला पदक द्या."

मला, खोटे कशाला सांगू, अभिमान वाटला. ब्रेडाबाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा, आठवून पाहता, आनंदाचा नव्हता.

श्पेलाने निम्म्या पेशी परीक्षेला घेतल्या आणि निम्म्या उबपेटीत ठेवल्या. परीक्षा साधी असते. पेशीच्या बाहेरून 'आता जा' असा संदेश देणारे एक प्रथिन सोडायचे आणि पाहायचे. कात्र्या ठीक असतील तर पेशी आक्रसते, तिच्या कडेने दुधाला उकळी यावी तसे फुगे येतात, आणि थोड्या वेळात तिचे लहान लहान गोल पुडे होतात. तुलनेसाठी श्पेलाने स्वतःचे रक्त वापरले.

"माझ्या पेशी शहाण्या आहेत," ती म्हणाली. "जा म्हटलं की जातात. नवऱ्यालाही असंच शिकवायचं राहून गेलं."

तिच्या पेशी गेल्या. आलेंकाच्या तशाच राहिल्या. गोल, तुकतुकीत, एकही फुगा नाही. श्पेलाने पुन्हा संदेश दिला. पुन्हा तेच.

"चालत नाही," श्पेला हलक्या आवाजात म्हणाली. "ब्रेडा, तुझंच बरोबर होतं."

ब्रेडाबाईंनी मान हलवली. त्या त्यांच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी मुलाला लावायला फोन उचलला. मी त्या खोलीतील रेडिएटरची झडप पाहायला गेलो होतो, म्हणून मला ते दिसले: त्यांनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. भिंतीवर आलेंकाचा फोटो होता, समोरचे दोन दात पडलेली, हातात चीजचा तुकडा.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "श्पेलाला बोलवा. आणि तुम्हीही थांबा. मला हे दोघांसमोर सांगायचंय, म्हणजे मागे घेता येणार नाही."

श्पेला आली. ब्रेडाबाई उभ्याच होत्या.

"मी कुलूप घातलं होतं."

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ज्या प्रयोगशाळेत कात्र्यांवर काम चालते, तेथे कात्र्या बंद करणारी द्रव्येही हाताशी असतात. त्यांना आम्ही कुलपे म्हणत असू. आत आलेल्या नमुन्यात प्रथम कुलूप, मग बाकीचे, ही आमच्या घरची शिस्त. परंतु जिवंत पेशी गोठवताना कुलूप घालण्याची पद्धत तेव्हा आमच्याकडे नव्हती.

"पेशी गोठताना आणि वितळताना घाबरतात, श्पेला. पुष्कळ जणी स्वतःच कात्री चालवतात आणि जातात. मला एकही जायला नको होती. म्हणून गोठवायच्या द्रवात मी भरपूर कुलूप घातलं. ते चिकटून बसणारं. एकदा बसलं की निघत नाही."

श्पेला खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "म्हणजे आपण कुलूप लावलेलं दार ढकलत होतो."

"हो."

"तुला हे आत्ता आठवलं?"

"नाही," ब्रेडाबाई म्हणाल्या. "तू म्हणालीस ना, सगळ्या उठून बसल्यात. तेव्हाच आठवलं."

"आणि मी परीक्षा करत होते तेव्हा तू दारात उभी होतीस. गप्प."

"हो. गप्प होते." त्यांचा आवाज चढला नाही. "मला वाटलं, असू दे. निकाल माझ्या बाजूचा येईल. ती का गेली हे मला ठाऊक आहे, एवढंच माझ्याकडे आहे, श्पेला. तेही काढून घेतलं तर मी त्या फोटोकडे काय म्हणून बघायचं? मग फोन हातात घेतला आणि पोलोनाचं पोट डोळ्यांपुढे आलं."

श्पेलाने खुर्चीची पाठ सोडली. मग ती म्हणाली, "उरलेल्या निम्म्या आहेत. धुऊन ताज्या पोषणद्रवात ठेवते. जुन्या कात्र्यांवरचं कुलूप निघायचं नाही, पण पेशी नव्या कात्र्या घडवतील. दम धरावा लागेल. आठवडाभर तरी."

"माझं रक्तही घे," ब्रेडाबाई म्हणाल्या.

"तुलनेला? माझं आहे की."

"घे तर खरी."

त्या आठवड्यात ब्रेडाबाई रोज येत, पेशींच्या खोलीच्या काचेबाहेर थोडा वेळ बसत आणि जात. कुपी रिकामी झाली होती, तरी मी तिसऱ्या टाकीत पूर्वीइतकाच नायट्रोजन ओतत राहिलो. संत मार्टिनच्या सणाचे दिवस होते. लोक नवी वाइन आणि भाजलेले हंस घेऊन घरोघर जात होते. येर्नेयला ब्रेडाबाईंनी सर्व काही सांगितले होते, स्वतःचे गप्प राहणेही. त्यावर तो काय म्हणाला, ते मला ठाऊक नाही. ठरलेल्या दिवशी ती दोघे मात्र आली नाहीत. पोलोनाने फोनवर कळवले, येर्नेय घरीच फोनजवळ बसतो म्हणाला.

श्पेलाने पेशींचे दोन भाग केले. एकाला संदेश दिला, दुसऱ्याला नाही. ब्रेडाबाईंना तिने सूक्ष्मदर्शकाशी बसवले. "तूच बघ," ती म्हणाली. "मी बाजूच्या पडद्यावर बघते."

पडद्यावर मलाही दिसत होते. प्रारंभी काही नाही. मग एक पेशी किंचित आत ओढली गेली, जणू तिने खांदे आवळले. तिच्या कडेला एक फुगा आला, मग दुसरा. शेजारची आवळली. मग सगळीकडे. संदेश न दिलेल्या भागातल्या शांत होत्या. संदेश दिलेल्या एकामागून एक चूल विझवीत होत्या, कढया पालथ्या घालीत होत्या, जुड्या बांधीत होत्या. सर्व इतके नीटनेटके होते की श्पेलासारखी बाईही कुजबुजली, "किती छान करतायत."

"चालते," ब्रेडाबाई म्हणाल्या. सूक्ष्मदर्शकावरून डोळा त्यांनी हलवला नाही. "तिची कात्री चालत होती. सगळा वेळ."

फोन श्पेलाने लावून त्यांच्या कानाशी धरला. खोली लहान होती. पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"येर्नेय. कात्री चालते."

"म्हणजे बाळ..."

"या बदलामुळे त्याला काही होणार नाही. पोलोनाला सांग. बाकी जसं प्रत्येक बाळाचं असतं, तसं."

पलीकडे कोणीतरी रडत होते, पोलोना असावी. मग येर्नेयने विचारले, "आई, मग आलेंका कशानं गेली?"

"माहीत नाही."

"काहीच?"

"काहीच नाही, बाळा."

"मी निघतो," तो म्हणाला. "पुढच्या गाडीनं येतो. तू तिथेच थांब."

फोन बंद झाल्यावर श्पेलाने दुसरी डिश उचलली, ज्यातल्या पेशींना संदेश दिला नव्हता. "या थोड्या राहिल्यात अजून. विभागून एकीच्या दोन व्हायचं तर त्यांनी केव्हाच सोडलंय. गोठवू? पण खरं सांगते, कुलपाशिवाय या पुन्हा उठायच्या नाहीत."

"आणि कुलूप मी घालणार नाही," ब्रेडाबाई म्हणाल्या. "एखाद-दुसरं खोपटं उघडं ठेवून खाली उतरायचं नसतं."

त्यांनी हात धुतले, मोजे चढवले, आणि त्या सर्व दिवसांत प्रथमच स्वतः नळी हातात घेतली. संदेशाचा थेंब त्यांनी स्वतः सोडला. मग त्या म्हणाल्या, "श्पेला, माझं रक्त कुठे ठेवलंयस?"

तेव्हा आम्हाला कळले. शरीरात, मेलेल्या पेशीचे पुडे शेजारच्या पेशी उचलून नेतात. पण डिशमध्ये शेजारी नसतात. तेथे ते पुडे तसेच तरंगत राहतात आणि अखेर फुटतात. आठवड्यापूर्वी काढलेल्या त्यांच्या रक्तातील मोठ्या पांढऱ्या पेशी एका वेगळ्या डिशच्या तळाशी चिकटून, वाढून, हातपाय पसरून तयार झाल्या होत्या. श्पेलाने ती डिश उबपेटीतून काढून दिली.

ब्रेडाबाईंनी आलेंकाच्या दोन्ही डिशमधले द्रव अगदी हळू, कडेकडेने, त्यावर ओतले. मग त्या पुन्हा बसल्या. धुके खिडकीला टेकले होते. काही वेळाने त्यांनी मला खूण केली.

मी डोळा लावला. तळाशी मोठ्या, पसरट पेशी होत्या, आणि त्यांच्यावर बारीक गोल पुडे उतरत होते. एका मोठ्या पेशीने बाहू लांबवला, एका पुड्याला विळखा घातला आणि त्याला सावकाश आत घेतले. आत त्याला ज्या कात्र्या सोडवणार होत्या, त्या ब्रेडाबाईंच्या जुन्या विषयातल्या होत्या, तरुणपणी त्यांनी सोडून दिलेल्या.

"मोठ्या कोणाच्या?" मी विचारले, जरी मला ठाऊक होते.

"माझ्या," त्या म्हणाल्या.

येर्नेय आला तेव्हाही त्या तेथेच बसलेल्या होत्या. त्याने कोट काढला नाही. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या थोड्या सरकल्या, त्याला पाहता यावे म्हणून. तरंगणारे पुडे तोवर अगदी थोडे राहिले होते.